ज्याच्याशी भांडण, त्याच्याच मागे बसून प्रभुभोजन

पत्र

ताई, सप्रेम सलाम.

मी २६ वर्षांची आहे. आमचं घर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. बाबा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांत आहेत. गेले तीन हंगाम मी एका संघटनेबरोबर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाते. उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती घेतली, किती फिटली, खाडे (बुडलेल्या दिवसांची कपात) किती धरले, हे सगळं वहीत उतरवून देते. पोरांना साखर शाळेत बसवते. यंदा एका टोळीचा हिशोब बघताना लक्षात आलं, की एक बाई तापाने पंधरा दिवस कोपीत पडून होती आणि तिच्या कोयत्यावर रोजचा खाडा लागलाय. त्या टोळीचा मुकादम, म्हणजे उचल देऊन टोळी आणणारा माणूस, आमच्याच मंडळीतला आहे.

रविवारी उपासना संपल्यावर मी उभी राहिले. कुणाचंही नाव न घेता म्हणाले, की पाणी, संडास आणि आजारपणातले खाडे याबद्दल मंडळीने कारखान्याला एक पत्र द्यावं. पाळकसाहेब म्हणाले, ‘चर्च ही राजकारणाची जागा नाही.’ घरी आल्यावर बाबा म्हणाले, ‘माझं राज्य या जगाचं नाही, असं प्रभूच म्हणाला. आणि आपण मूठभर माणसं. स्टॅन स्वामींचं काय झालं ते बघितलंस ना?’ तिकडे संघटनेतले मित्र विचारतात, ‘तू हे माणुसकीपोटी करतेस, मध्ये देव कशाला?’

परवा प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या विधीला, तो मुकादम माझ्या पुढच्या बाकावर होता. माझ्या घशाखाली भाकर उतरेना. मी विश्वासात मागे पडले का? मंडळी सोडू का?

(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना मी त्या तापाने पडलेल्या बाईपाशी अडकले. ज्यांनी हे जग जवळून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या जोडीच्या नावावर, मजुरी टनावर. दोघांतलं एक आजारी पडलं तरी कोयता बंद. मजुरी तर बुडतेच, वर खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणजे ताप आला म्हणून दंड. पाळी आली तरी दंड, बाळंतीण झाली तरी दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. ‘पिशवी काढून टाकली की कटकट गेली’ असं त्या बाया बोलतात, त्यामागे हा खाडा उभा असतो. तुझ्या वहीत जो आकडा आहे, तो एका बाईच्या अंगावर काय करतो हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. म्हणून तुला गप्प राहवत नाही.

मीही एकदा कोप्यांवर गेले होते, तुझ्याच वयाची असताना. नाताळच्या आधीचे दिवस. आमच्या मंडळीने ब्लँकेटं गोळा केली होती. पाचटाच्या कोप्या, मध्ये चूल, गाडीखाली बांधलेल्या झोळीत पोर. एका बाईच्या हातात मी ब्लँकेट दिलं. तिने ते नीट घडी घालून कडेला ठेवलं आणि म्हणाली, ‘बाई, थंडीचं आम्ही बघतो. तुम्हाला लिहितावाचता येतं, तर मुकादमाच्या वहीत आमचं काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा.’ मला ते जमलं नाही. वही मुकादमाकडे होती, आणि ती मागायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही प्रार्थना केली, फोटो काढला, परत आलो. ती घडी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. जे मी त्या दिवशी केलं नाही ते तू तीन हंगाम करते आहेस.

आता तुझा पहिला प्रश्न. मागे पडलीस का?

बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढ आणि बाबांसमोर मोठ्याने वाच. धनवानांना तो सांगतो, की ज्या कामकऱ्यांनी तुमची शेतं कापली, त्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे. शेतं कापणारे आणि अडवलेली मजुरी! आपण हा उतारा वर्षानुवर्षं वाचला, बाहेर फडात कोयते चालू असताना वाचला, आणि तो कुणा जुन्या काळच्या श्रीमंतांबद्दल आहे असं समजून पुढचं पान उलटलं. त्याच्याही शेकडो वर्षं आधीच्या ‘अनुवाद’ या बायबलातल्याच पुस्तकात नियम आहे, की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे. सहा महिन्यांचा हिशोब हंगामाच्या शेवटी, तोही मुकादमाच्या वहीतून, या रिवाजाशेजारी हा नियम ठेवून बघ.

आणि यिर्मया संदेष्टा. यहोयाकीम राजाने लोकांना फुकट राबवून मोठे ऐसपैस महाल बांधले, गंधसरूने मढवले. यिर्मया त्याला त्याच्या बापाची, योशीयाची आठवण करून देतो. तुझ्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला, आणि परमेश्वर विचारतो, मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय? बावीसावा अध्याय, सोळावं वचन. देवाला ओळखण्याच्या जोडीला आणखी एक चांगलं काम म्हणून न्याय करायचा, असं इथे म्हटलेलं नाही. ओळखणं म्हणजेच ते. म्हणून, मुली, तू मागे पडलेली नाहीस. कोप्यांवरून परतताना तुला प्रार्थनेला शब्द सुचत नसतील, पण परमेश्वराशी तुझी ओळख तिथे वाढतेच आहे.

‘चर्च ही राजकारणाची जागा नाही’ हे वाक्यही शास्त्रात आहे बरं का, फक्त ते कोण बोलतं ते पाहायला हवं. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराची झाडं राखणारा. तो बेथेलात येऊन सांगू लागला, की तुम्ही माप लहान करता, काट्यात फसवता, गरिबाला एका जोड्याच्या किमतीत विकत घेता. (काटामारी हा शब्द ऊसवाल्यांना समजावून सांगावा लागत नाही.) तेव्हा बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणाला, तू आपल्या देशी निघून जा, तिथे भाकर खा, इथे बोलू नकोस, कारण हे राजाचं पवित्रस्थान आहे. देवाचं म्हणाला नाही, राजाचं म्हणाला. तुझ्या पाळकसाहेबांना मी अमस्याच्या रांगेत बसवत नाही. ज्या घरांच्या वर्गणीवर मंडळी चालते, त्यांतली काही घरं कारखान्यावर अवलंबून आहेत, आणि त्यांना सगळ्यांनाच धरून राहायचं आहे. त्यांच्याशी एकटीने, शांतपणे बोल. भर मंडळीत उभं राहून अचानक विचारल्यावर माणूस आधी आपली बाजू सांभाळतो. तुझं तेवढं चुकलं, असं मला वाटतं.

बाबांचं वचन योहानातलं आहे आणि ते पिलाताच्या पुढ्यात बोललेलं आहे. येशू कुठे मठात बसून ते बोलला नाही. हात बांधलेले, समोर रोमी सुभेदार, आणि थोड्या वेळाने वधस्तंभ. ज्याचा जगाच्या कारभाराशी काही संबंध नाही, त्याला सुभेदार कशाला मारेल? त्याचं राज्य या जगातून उगवलेलं नाही, तलवारीवर उभं नाही, हे खरं. पण ते इथे यायचं आहे. जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही, असं बाबा स्वतः दर रविवारी म्हणतात.

तुझ्या मित्रांचा प्रश्न मला जास्त आवडला, कारण तो प्रामाणिक आहे. माणुसकी पुरेशी असताना देव कशाला?

याचं उत्तर द्यायला मी तुला पंडिता रमाबाईंकडे नेते. बाईंना बायकांच्या दुःखाची जाणीव ख्रिस्ती होण्याच्या आधीपासून होती. आर्य महिला समाज त्यांनी १८८२ मध्येच काढला, त्याच वर्षी शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हव्यात हे सांगितलं. म्हणजे न्यायाची चाड विश्वासामुळे आली, असं त्यांच्या बाबतीत म्हणताच येत नाही. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनजवळच्या फुलहॅममध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या, सावरत होत्या, आणि त्यांतल्याच काही पुढे दुसऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायकांची एवढी काळजी तुम्ही का घेता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्यांनी पुढे आपल्या साक्षीत हे लिहून ठेवलं आहे. शास्त्रांत पारंगत असलेल्या त्या विदुषीला वादविवादात जे पटलं नसतं, ते त्या बायकांकडे बघून आणि मग ती गोष्ट ऐकून उमगलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे प्रवास उलटा झाला. काम आधी दिसलं, मग त्यामागचा येशू. म्हणून मित्रांना म्हण, की माणुसकी माझ्यातही आहे, तुमच्यातही आहे, तीत भांडण कशाला? पण ज्याने विहिरीवर त्या बाईकडे स्वतःहून पाणी मागितलं, तिच्या हातचं चालेल म्हणाला, त्याच्यामुळे मला कोप्यांवरची बाई ‘केस’ वाटत नाही. तिच्या हातचा चहा मी पिते, ते त्याच्या संगतीत.

रमाबाईंचं पुढचंही ऐक, कारण तुला ते लागणार आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ती जुनी भूक आठवून त्या मध्य प्रांतात गेल्या, मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला त्यांची मुक्ती ही संस्था उभी राहिली. पण त्या फक्त अन्न देऊन थांबल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची कशी आबाळ होते, हे त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं. सरकार इंग्रजांचं, म्हणजे त्यांच्याच धर्माच्या माणसांचं. तरी लिहिलं. लापशी वाढणारे हातच तक्रारही लिहीत होते. तुझ्या मंडळीला ब्लँकेट चालतं आणि अर्ज चालत नाही, त्यांना हे नक्की सांग.

आता मुकादमाकडे येते, कारण तुझ्या पत्राचं खरं दुखणं तिथे आहे.

त्याच्या मागे बसून भाकर गिळवत नाही, म्हणतेस. पौलाने करिंथकरांना जे लिहिलं त्यात नेमकं हेच आहे. तिथले खातेपिते लोक प्रभुभोजनाला आधी येऊन खाऊन घ्यायचे आणि राबून उशिरा येणारे उपाशी राहायचे. पौल म्हणतो, हे प्रभूचं भोजन नव्हेच. तेव्हा तुझ्या घशाला जे कळलं ते बरोबरच कळलं. पण पौल त्यांना दोन वेगळी मेजं मांडायला सांगत नाही. एकमेकांसाठी थांबा, म्हणतो. माझं उत्तर म्हणून हेच: मंडळी सोडू नकोस. तू गेलीस तर तो मुकादम निवांत भाकर खाईल, आणि त्याला अडवणारं तिथे कुणीच उरणार नाही.

जक्कय आठव. यरीहोचा मुख्य जकातदार. वरून रोमी सरकारचा मक्ता, खालून लोकांकडून वसुली, मधला फरक आपल्या खिशात. मुकादमीला याहून जवळचा धंदा शास्त्रात मला सापडत नाही. येशूला बघायला तो झाडावर चढला होता. येशूने त्याला झाडाखालून शिव्या घातल्या नाहीत. आज तुझ्या घरी उतरायचं आहे, म्हणाला. आणि मग जक्कय उभा राहिला आणि त्याने आकडे सांगितले: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडलं त्याला चौपट. पश्चात्ताप आकड्यांत बोलला गेला. येशूनेही तो मान्य केला, ‘आज या घराला तारण झालं आहे’ असं तो त्या आकड्यांनंतर म्हणाला.

संघटनेतल्या तुझ्या मित्रांना मुकादम म्हणजे फक्त समोरचा पक्ष. त्यांच्या लढाईत ते चालतं. तुला मात्र ती बाईही सोडता येत नाही आणि हा माणूसही सोडता येत नाही. माझ्या मते विश्वास तुझ्याकडून मागतो ते हे, आणि ते मोर्च्यापेक्षा अवघड आहे.

तेव्हा मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली वाट धर. आधी एकटीने त्याच्या घरी जा. चारचौघांत नको, फोनवर नको. वही घेऊन जा. त्याच्या बाजूने बघ, तोही कात्रीत आहे. उचल वाटायला त्याने कारखान्याकडून पैसे घेतलेले असतात, बरेचदा बाहेरून व्याजानेही. एखादी टोळी उचल घेऊन पळाली की तो घरदार विकायला येतो. हे त्याला बोलू दे, मध्ये तोडू नकोस. मग विचार, की भाऊ, तापाच्या पंधरा दिवसांचं काय करायचं? २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि कामगार संघटनांमध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, ती या कोयत्याच्या हिशोबात धरली आहे का, तेही बघून घे. त्याने ऐकलं तर तिथेच विषय मिटला, आणि गावात त्याचा बोभाटा करू नकोस. नाही ऐकलं तर दोघांना घेऊन जा, त्यांत एखादी वयस्क बाई असू दे. त्यानंतर पंचांकडे लेखी. तेव्हा तू मंडळीत राजकारण आणलंस असं कुणाला म्हणता येणार नाही, तू शास्त्रात लिहिलेल्या क्रमाने गेलेली असशील. आणि पंचांनी दार लावलं तर कामगार खात्याकडे अर्ज करायला कुणाची परवानगी लागत नाही.

बाबांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. फादर स्टॅन स्वामी झारखंडमध्ये आदिवासींसोबत राहिले. ८४ वर्षांचे, कंपवाताने हात थरथरत होते, आणि ५ जुलै २०२१ ला मुंबईत खटला उभा राहण्याआधीच कोठडीतल्या दिवसांत इस्पितळात वारले. हे बघून कुठल्या बापाला धास्ती वाटणार नाही? शिवाय आपल्यातली बहुतेक घरं ज्या वस्त्यांमधून आली, त्या जातींचं दुखणं बाप्तिस्म्याने संपलं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शिखांना त्या १९५६ मध्ये मिळाल्या, बौद्धांना १९९० मध्ये, आपल्याला नाही. गावात जात तीच राहिली, कागदावर मात्र गेली. अशा माणसाला ‘डोकं खाली ठेव’ हे शहाणपण वाटतं, त्याने त्याची पोरं जगवली आहेत.

पण बाबांना वसईचंही सांग. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. बिल्डर आणि गुंडांची वसईवर दहशत होती तेव्हा हा धर्मगुरू हरित वसई संरक्षण समितीतून लोकांना घेऊन रस्त्यावर उतरला, पाणी आणि जमीन वाचवायला. त्यांच्याबरोबर सगळ्या जातिधर्मांचे वसईकर होते. तेच दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, त्यांनीच सुबोध मराठीत बायबल आणलं, आणि २०२० मध्ये ते धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्यावर टीका झाली, धमक्या आल्या. पण ते एकटे नव्हते. मला वाटतं बाबांना खरं हे ऐकायचं आहे, की तू एकटी नाहीस. म्हणून कोप्यांवर कधीच एकटी जाऊ नकोस. संघटनेचं ओळखपत्र जवळ ठेव. तिथे पत्रकं वाटू नकोस, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची घाई नको. कुणी धर्मांतराचा आळ घेतला तर तुझ्या पिशवीत फक्त हिशोबाच्या वह्या सापडाव्यात. कुणी विचारलं, पोरी, तू हे का करतेस, तर मात्र लपवू नकोस. सरळ सांग. रमाबाईंना कुणी गाठून उपदेश केला नव्हता, त्यांनी विचारलं होतं.

आणि एक काम घरात कर. बाबांना त्यांच्या आजोबांबद्दल विचार. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे. त्या मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा बघून जोतीराव फुले गेले होते, त्या याच गावातल्या. तुमच्या घरातला पहिला माणूस त्या दारात का गेला, चावडीवर त्याला कुठे उभं करत होते, त्याच्या हातात पहिल्यांदा पुस्तक कुणी दिलं, हे बाबांच्या तोंडून ऐक. मध्ये बोलू नकोस, वाद घालू नकोस. त्या माणसालाही कुणीतरी ‘ही आपली जागा नाही’ म्हटलंच असेल.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील, तर काही दिवस स्तोत्रं उसनी घे. दहावं घे, त्यात परमेश्वराला थेट विचारलंय की तू लांब का उभा आहेस. त्या बाईचं नाव घे. मग मुकादमाचंही घे. पहिले काही दिवस ते जिभेवर येणार नाही, तरी घे.

पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून महिना-दीड महिना आहे. त्यानंतर टोळ्या गावाकडे निघतील आणि न मिटलेला हिशोब पुढच्या उचलीत जाऊन बसेल. तेव्हा याच आठवड्यात जा. पहिल्या खेपेला त्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्या खेपेला निघताना बाबांना विचार, सोबत येता का. ते पंच आहेत, त्या घरात त्यांना पहिली खुर्ची मिळेल, आणि वही त्यांच्या हातात असली तर मुकादम ती बाजूला सारणार नाही.

तुझी,
ताई